येईपर्यंत आंघोळ करू नका

अनिश सकपाळ लोकांच्या लग्नांचे दिवस आखतो. हॉल, फुलं, जेवण, वरात कुठून वळणार, नवरीची मावशी रुसली तर तिला कोण आवरणार, हे सगळं आधी ठरवून ठेवणं हे त्याचं काम. दादरच्या एका लहान इव्हेंट कंपनीत तो नोकरीला आहे. त्यामुळे स्वतःचं लग्न पळून जाऊन करायचं ठरलं, तेव्हा तो दिवसही त्याने तसाच आखायला घेतला.

"पळून जाणारी माणसं प्लॅन करतात का रे?" मनवाने विचारलं.

"जी करत नाहीत ती पकडली जातात. आणि आपण कुठे मोठं दिल्लीला चाललोय? लालबागहून फोर्टला. बसने."

मनवा राऊळ परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. तिची ड्यूटी संपली की दोघं समोरच्या हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल धरून बसत. दिवस हळूहळू आकाराला आला. सकाळी ठाकूरद्वारला नाश्ता, कारण तिथल्याच एका हॉलमध्ये, तिच्या मैत्रिणीच्या लग्नात, पंगत संपल्यावर उपाशी राहिलेल्या मनवाला त्याने पडद्यामागे स्वतःच्या ताटातला अर्धा मसालेभात दिला होता. मग फोर्टला विवाह नोंदणी कार्यालयात सह्या. दुपारी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडायची आणि समुद्राच्या मध्यावर एकमेकांना लिहिलेलं वाचून दाखवायचं. संध्याकाळी दादरला चैत्यभूमीवर जायचं, ही अनिशची इच्छा. मनवाच्या घरी मेसेज करायचा तो लाँच सुटताना.

"लाँच सुटतानाच का?"

"पुढे रेंज जाते. तेवढा वेळ तरी आपला."

अनिशच्या घरी माहीत होतं. त्याची आई एवढंच म्हणाली होती, की सह्या झाल्या की त्यानंतरच्या रविवारी विहारात मंगल परिणय करू, तेव्हा मला मिरवू द्या. अडचण मनवाच्या घरी होती. तिच्या वडिलांनी, सीताराम राऊळांनी, वर्षापूर्वी एकदाच अनिशचं नाव ऐकून घेतलं होतं. आडनाव कळल्यावर ते म्हणाले, "आपल्या घराण्यात असं कधी झालेलं नाही." आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

कार्यालयात दिलेल्या लग्नाच्या नोटिशीची तीस दिवसांची मुदत संपत आली त्या आठवड्यात मनवाची आई स्वयंपाकघरात भाजणी चाळत होती. वडील खाली गेले होते. चाळणी न थांबवता आई म्हणाली, "झालंय. एकदा झालंय घराण्यात."

"काय?"

"तुझी माया आत्या."

"ती काविळीने गेली ना?"

"कावीळ कसली! डॉकयार्डला राहते. डॉकमधल्या एका फिटरशी लग्न केलं. मिंगेल नाव होतं त्याचं. तुझ्या आजोबांना कळलं आणि त्यांनी घरातल्या सगळ्यांना तिच्या नावानं आंघोळ करायला लावली. मेल्यावर करतात तशी. तुझ्या बाबांनी पण केली."

सर्वपित्री अमावस्येला त्यांच्या घरी आजोबा धोंडू, आजी गंगुबाई आणि माया आत्या अशी तीन पानं मांडली जात. काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, भोपळ्याची भाजी, खीर. पानं गच्चीवर ठेवून बाबा कावळ्याची वाट बघत. गेली काही वर्षं खीर मनवाच करत होती. मेलेल्या आत्यासाठी.

"बाबांना माहिताय ती जिवंत आहे?"

"विचारलंस तर ती वारली असंच सांगतील. आणि खोटं नाही बोलायचे ते. आंघोळ झाली म्हणजे झालं." आईने चाळणी खाली ठेवली. "मला तुझं पान मांडायला लावू नको, मनू."

मग तिने पत्ता सांगितला. तो तिला कसा माहीत होता, हे मनवाने विचारलं नाही.

अनिशला हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला. "तुमच्याकडे माणूस मारायला नळाचं पाणी पुरतं?" मग मनवाचा चेहरा बघून थांबला आणि कामाचं बोलला. साक्षीदार तीन लागत होते. त्याचा मित्र वैभव आणि मनवाच्या हॉस्पिटलातली श्रेया असे दोनच नक्की झाले होते. "आत्याला विचारू. तुझ्याकडचं एक तरी माणूस होईल."

माझगावात, डॉकयार्डच्या भिंतीपलीकडच्या एका जुन्या चाळीत तळमजल्यावर ती खोली होती. दार उघडंच होतं. आत एक साठीच्या आतबाहेरची बाई मशीनवर परकर शिवत होती. मनवाने "माया आत्या" अशी हाक मारली. ती शिवत राहिली. दुसऱ्या हाकेलाही तिने मान वर केली नाही. तिसऱ्यांदा तिने मशीन थांबवलं आणि दाराकडे बघून विचारलं, "मला म्हणतंस?"

"मी मनवा. सीताराम राऊळांची मुलगी."

"सीतारामाचां चेडू?" तिने चष्मा पुसला आणि मनवाकडे बराच वेळ पाहिलं. "ये गो. बस. कुणासारखी दिसतंस ता काय मला सांगता येणार नाही."

मिंगेल जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. शेजारी तिला मिंगेलबाई म्हणत. तिने चहा केला, अनिशला आडनाव विचारलं, तो सांगताना थांबला नाही हे तिला आवडलं. साक्षीदाराचं ऐकून ती म्हणाली, "मेलेल्या माणसाची सही चालता?"

"आधार कार्ड असलं की चालते," अनिश म्हणाला.

"ता आसा माझ्याकडे." ती हसली. मग मनवाकडे वळली. "पान मांडतात ना अजून?"

मनवा हातातल्या कपात बघू लागली.

"मांडतात. माहिताय मला. त्या दिवशी मला भूक लागत नाही. दुपार झाली की पोट भरतं. तोंडाला चवसुद्धा येते." ती हे अगदी साधेपणाने, गुडघेदुखीबद्दल बोलावं तसं सांगत होती. "गेल्या वर्षी खीर कोणी केलेली?"

"मी."

"वेलची विसरलीस."

अनिशने कप खाली ठेवला. मनवाला ती खीर आठवत होती. वेलचीची बाटली घासायला टाकली होती आणि ऐनवेळी ती विसरली होती. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिनेही कोणाला सांगितलं नव्हतं.

"ती आंघोळ केली तेव्हा तुम्ही कुठे होतात?" तिने विचारलं.

"भायखळ्याला, हॉटेलात. सह्या करून जेवायला बसलेलो, मी, मिंगेल आणि त्याचे दोन दोस्त. बिर्याणी आलेली. मे महिना. एकदम थंडी वाजली आणि केसांतून पाणी गळायला लागलं. मिंगेलने छताकडे बघितलं, त्याला वाटलं वरून टाकी गळतेय." तिने स्वतःच्या केसांवरून हात फिरवला. "ते वाळले. त्याचं काही नाही. पण त्या संध्याकाळी मिंगेलने विचारलं, तुझा भाऊ दिसायला कसा आहे, रस्त्यात भेटला तर ओळखायला पाहिजे. मी सांगायला गेले, तर तोंडच येईना डोळ्यांपुढे. भावाचं नाही, आईचं नाही, बाबांचं नाही. नावं आठवतात. कोणी काय केलं ते आठवतं. तोंडाच्या जागी काही नाही. आवाज पण नाही."

"परत जाऊन बघायचं होतं," अनिश म्हणाला.

"गेलेले ना. एकदा. गॅलरीत एक बाई तांदूळ निवडत होती. ती आई असणार, कारण आमच्या दारात बसलेली. मी आये म्हणून हाक मारली. तिने सूप उचललं, शेजारणीला म्हणाली, वारा सुटलाय गो, आणि आत जाऊन दार लावलं."

मशीनवरचा परकर घसरून खाली पडला. आत्याने तो उचलून घडी केला.

"थांबवता येतं का ते?" मनवाने विचारलं.

"आंघोळ माणसाच्या पाठीमागे करतात. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या नावानं पाणी घेता येत नाही. मला हे मागाहून एका म्हातारीने सांगितलं. तोवर मी बिर्याणी खाऊन बसलेली."

परतताना माझगावच्या उतारावर अनिश आणि मनवाचं भांडण झालं. मनवाला दिवस बदलायचा होता. सह्या झाल्या की लाँच नाही, सरळ लालबाग.

"म्हणजे पळून जायचं आणि दुपारी घरी जायचं?"

"हो."

"मनू, आमच्याकडे हे सगळं छप्पन साली टाकून दिलंय. मी लहानपणी प्रतिज्ञा पाठ केल्यात. आणि मी माझ्याच लग्नाच्या दिवशी बादलीच्या मागे धावू?"

"मग वेलचीचं काय?"

"खिरीत वेलची विसरणं ही काय जगावेगळी गोष्ट आहे? अंदाज बसला."

"बसू दे. तुझ्या आईचा चेहरा आठव."

तो चालता चालता थांबला.

"आला डोळ्यांपुढे?" ती म्हणाली. "तो मी सोडायला सांगितला तर सोडशील? मला बाबांचा राग सहन होईल. मला ते घरात घेणार नाहीत, तेही चालेल. पण ते दिसायला कसे होते हेच मला सांगता आलं नाही, तर मी कोणावर रागवायचं?"

अनिशने त्यावर वाद घातला नाही. त्याने लाँच काढून टाकली.

ठरलेल्या दिवशी त्यांनी ठाकूरद्वारला नाश्ता केला. मनवाने मिसळ मागवली आणि निम्मी टाकली. फोर्टच्या कार्यालयात त्यांच्याआधी एक जोडपं होतं, त्यांच्यासोबत पंधरा-वीस माणसं आणि एक ढोल. नंतर यांचा नंबर आला. वैभवने सही केली, श्रेयाने केली, मग माया आत्याने केली. ती पिवळी साडी नेसून आली होती आणि सही करण्यापूर्वी तिने पेन नीट चालतंय ना, हे तळहातावर ओढून पाहिलं. श्रेयाने फोटो काढले. त्यात आत्या सगळ्यांत स्पष्ट आलीय, असं वैभव म्हणाला. त्याला काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं, म्हणून बाहेर फुटपाथवर येऊन मनवाने वडिलांना फोन लावला.

"बाबा, मी लग्न केलं. अनिशशी. आता घरी येतेय." मग ती घाईने म्हणाली, "मी येईपर्यंत आंघोळ करू नका."

पलीकडून फोन ठेवला गेला.

त्यांनी टॅक्सी केली. आत्या पुढे बसली, हे दोघं मागे. क्रॉफर्ड मार्केटपाशी गाडी अडकली तेव्हा मनवा अनिशला म्हणाली, "विचार मला. बाबांबद्दल."

"काय विचारू?"

"काहीही. दिसतात कसे ते."

"कान?"

"मोठे. डाव्या कानामागे चामखीळ."

"दाढी करताना?"

"जीभ गालात घालतात."

"हसताना?"

"हसत नाहीत."

टॅक्सीवाला हसला. आत्या हसली नाही. ती समोर रस्त्याकडे बघत होती आणि एकेक उत्तर मनातल्या मनात म्हणून बघत असावी, असे तिचे ओठ हलत होते.

भायखळ्याचा पूल लागला. "चष्मा?" अनिशने विचारलं.

"चष्मा." मनवा थांबली. "आहे. आहे ना?"

"मी कुठे बघितलंय त्यांना?"

"काळी फ्रेम. नाही, काळी आधीची." तिने हात डोक्यावर नेला. "केस बघ. ओले आहेत?"

"कोरडे आहेत."

"नीट बघ."

अनिशने तिच्या केसांत बोटं घातली. मुळाशी, मानेच्या वर, त्याला गारवा लागला. ती टॅक्सीत घामाघूम झाली होती. घामच असणार, असं त्याने ठरवलं.

"कोरडे आहेत," तो म्हणाला. "भैया, जरा जल्दी."

लालबागला चाळीच्या तोंडाशी टॅक्सी थांबली तेव्हा मनवा पैसे द्यायला न थांबता जिन्याने वर पळाली. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार उघडं होतं. आई आत भिंतीला टेकून उभी होती. दारातून सरळ समोर मोरी. सीताराम राऊळ मोरीत पाटावर बसले होते. कमरेला पंचा, समोर भरलेली बादली, हातात तांब्या. त्यांचा उजवा खांदा ओला होता.

"बाबा."

ते बादलीकडे बघत राहिले.

"मी समोर आहे. समोर असताना नाही घेता येत."

"कोणी सांगितलं?"

"आत्याने."

त्यांनी मान वर केली. तोवर अनिश आणि माया आत्या धापा टाकत दारात पोचले होते. आत्या पुढे झाली. सीतारामांनी तिच्याकडे पाहिलं आणि पंचा गुडघ्यांवर ओढून घेतला. "अगं," ते बायकोला म्हणाले, "कोण बाई आल्यात बाहेर. दार लोट ना."

"ती माया आहे," आई म्हणाली.

मग आत्याने मनवाला हळूच विचारलं, "हाच सीताराम?"

"हो."

"बरां." ती त्यांच्याकडे बघत राहिली. दुकानात न पटलेली वस्तू परत परत उलटून बघावी तसं.

"उजेडात ये," सीताराम म्हणाले. ती खिडकीपाशी सरकली. "तुझ्या हनुवटीवर खूण होती. मी दगड मारलेला."

"आहे." तिने बोट ठेवून दाखवली.

ते बराच वेळ त्या खुणेकडे बघत होते. तिथून त्यांची नजर वर जाई, डोळ्यांपर्यंत, आणि पुन्हा खुणेवर येई. "खूण तीच आहे," शेवटी ते म्हणाले. "दगड मारल्याचं आठवतंय. बाबांनी मला बडवलं तेही आठवतंय. पण हे तोंड..." त्यांनी मान हलवली. "रस्त्यात भेटली असतीस तर बाजूला होऊन वाट दिली असती."

"मी पण," आत्या म्हणाली.

सीतारामांनी मनवाकडे वळून पाहिलं. "तिथेच उभी राहा. हलू नको."

ती उभी राहिली. ते तिला बघत होते. कपाळ, नाक, कान, पुन्हा कपाळ. गॅलरीत शेजारणी जमायला लागल्या होत्या. एकीने विचारलं, काय झालं हो राऊळवहिनी?

"एक तांब्या झाला," सीताराम म्हणाले. "तुझा फोन ठेवला आणि रागाने लगेच घेतला. दुसरा भरला, तो तेव्हापासून हातातच आहे. कळेना, की तू शाळेत असताना दोन वेण्या घालायचीस की एक."

"दोन," आई म्हणाली.

"आता ठाऊक आहे. मघाशी नव्हतं."

त्यांनी बादलीची कडी धरली आणि बादली मोरीत आडवी केली. पाणी भिंतीवर आपटलं, पाटाखालून फिरलं आणि जाळीतून खाली गेलं. ते शेवटपर्यंत जाईपर्यंत ते वाकून बघत राहिले.

"घरात ये असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले.

"म्हणू नका."

"आणि ह्याला," त्यांनी अनिशकडे बोट केलं, "ह्याला मी जावई मानत नाही."

"चालेल," अनिश म्हणाला.

"तुला कोणी विचारलंय?" ते म्हणाले. मग आवाज उतरला. "पण आंघोळ नाही करणार. जा आता. मला कपडे घालू दे."

मनवा "येते" म्हणाली. आईने आत्याचा हात धरून तिला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि चहाचं आधण ठेवलं. मनवाने जिन्यावरून मागे वळून पाहिलं तेव्हा सीताराम सदरा घालून आत्यासमोर येऊन बसले होते. दोघं अनोळखी माणसं दवाखान्यात समोरासमोर बसतात तशी बसली होती.

खाली रस्त्यावर आल्यावर ते करी रोडच्या दिशेने चालू लागले. एका नव्या टॉवरच्या सावलीतून बाहेर आल्यावर मनवा म्हणाली, "एक तांब्या झाला म्हणाले."

"तुला दिसतायत ना ते?"

"दिसतायत. आत्ताच तर बघितलं."

"मग झालं."

"त्यांची एक गोष्ट गेली होती. ती आईने परत दिली. माझी कुठली गेली?"

अनिशने तिला विचारायला सुरुवात केली. शाळेत पहिल्या दिवशी कोणी सोडलं? बाबांनी, ड्यूटीचा खाकी शर्ट घालून. सायकल कोणी शिकवली? सायकल नव्हतीच. ताप आला की? कपाळावर हात ठेवायचे, उलटा. रागावल्यावर? टीव्ही मोठा. तिने एकेक उत्तर न अडखळता दिलं. पुलावर चढेपर्यंत त्याचे प्रश्न संपले. तिने जेवढं त्याला कधीतरी सांगितलं होतं तेवढंच त्याला विचारता येत होतं. जे तिने कधीच कोणाला सांगितलं नव्हतं, त्याबद्दल विचारणारं कोणी नव्हतं, आणि ते होतं की नव्हतं हे आता तिलाही सांगता येणार नव्हतं.

"थांबू नको," मनवा म्हणाली. तिचा हात पुन्हा केसांकडे गेला होता. "अजून विचार."